डाग झाकणारी रंगभूषा: कोड, वांग आणि व्रण यांसाठी काय करावे, काय टाळावे

रंगरेषा (धागाकर्ती)

नमस्कार. मी सांगली-मिरज भागात नववधूंची रंगभूषा करते. लग्नसराईत माझ्याकडे येणाऱ्या मुलींपैकी काहींच्या ओठांभोवती किंवा बोटांवर कोड असते, काहींच्या गालांवर वांगाचे डाग असतात, कुणाच्या हनुवटीवर मुरमांचे काळे ठसे राहिलेले असतात, तर एखादीच्या गळ्यापाशी लहानपणी भाजल्याचा व्रण असतो. बहुतेक जणी आईला किंवा मावशीला सोबत घेऊन येतात आणि पहिला प्रश्न विचारतात तो "हे जाईल का?" असा. डाग घालवणे हे त्वचारोगतज्ज्ञांचे काम आहे. मी तो काही तासांपुरता झाकू शकते. हा फरक लक्षात न घेता माणसे डाग घालवण्याच्या नादी लागतात आणि घटक न छापलेल्या डब्यांतील मलमे महिनोन्‌महिने चेहऱ्याला लावतात. त्यातून बिघडलेले चेहरे मी इतके पाहिले आहेत की झाकण्याची विद्या लोकांपर्यंत नीट पोहोचावी असे मला मनापासून वाटते, कारण ती योग्य रीतीने केली तर तुलनेने निर्धोक असते आणि संध्याकाळी पुसूनही टाकता येते.

या कामासाठी असलेल्या रंगभूषेला कॅमफ्लाज म्हणतात. लिडिया ओ'लिअरी या अमेरिकन स्त्रीच्या चेहऱ्यावर जन्मतःच मोठा जांभळट डाग होता आणि त्या डागामुळे तिला नोकरी नाकारली गेली होती. चित्र काढताना एका रंगावर दुसरा रंग चढवून चूक झाकता येते, हे पाहून तिने स्वतःसाठी एक दाट क्रीम तयार केले. १९२८ च्या सुमारास ते 'कव्हरमार्क' या नावाने विक्रीस आले आणि १९३२ साली तिला त्याचे पेटंट मिळाले. पुढे नाटक-सिनेमाच्या रंगभूषेतील बर्लिनच्या क्रायोलान कंपनीने 'डर्माकलर' ही मालिका काढली, जी आपल्याकडेही मिळते. नेहमीच्या फाउंडेशनपेक्षा या क्रीममध्ये रंगद्रव्याचे प्रमाण पुष्कळ जास्त असते, त्यामुळे पातळ थरातही ते खालचा रंग दिसू देत नाही आणि पावडरने नीट बसवले की पाण्याला व घामाला टिकते.

रंग कसा निवडावा, यातच निम्मे यश आहे. लालसर डागावर आधी हिरवट छटेचा करेक्टर (डागाचा रंग मारणारे क्रीम) अगदी विरळ लावला की लाली मावळते. डोळ्यांखालच्या निळसर-काळपट वर्तुळांवर पीच किंवा नारिंगी छटा लागते; आपल्या गव्हाळ आणि सावळ्या त्वचेला नारिंगीच अधिक मानवते, कारण गोऱ्या त्वचेसाठी बनवलेला फिकट गुलाबी कन्सीलर (डाग झाकणारे दाट क्रीम) तिथे राखाडी दिसू लागतो. तपकिरी डागांवरही थेट उजळ कन्सीलर लावू नये, डाग राखेसारखा दिसतो. आधी नारिंगी छटा आणि मग त्वचेच्या रंगाचा थर द्यावा.

कोडाच्या बाबतीत काम उलटे आहे, कारण तिथे रंग दाबायचा नसतो, नसलेला रंग परत आणायचा असतो. शेड डागाच्या लगतच्या निरोगी त्वचेवर, खिडकीजवळच्या दिवसाच्या उजेडात लावून पाहावी, दुकानातील पांढऱ्या दिव्याखाली नव्हे. चेहरा, मान आणि हात यांचे रंग वेगवेगळे असतात, म्हणून मी बहुधा दोन शेड मिसळूनच रंग तयार करते. मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन लावून ते मुरू द्यावे. मग मसुराच्या दाण्याएवढे क्रीम मनगटाच्या मागच्या बाजूला घेऊन बोटाच्या उबेने मऊ करावे आणि डागावर बोटाने हलके थोपटत बसवावे, घासू नये. डागाच्या कडेच्या थोडे बाहेरपर्यंत रंग विरळ करत न्यावा, नाहीतर डागाची सीमारेषाच उठून दिसते. त्यावर सेटिंग पावडर पफने भरपूर दाबावी, दहा मिनिटे तशीच ठेवावी आणि उरलेली मऊ ब्रशने झटकावी. गरज वाटली तर दुसरा पातळ थर द्यावा. पहिलाच थर जाड दिला तर तो दुपारपर्यंत तडकतो. घाम आला तर पुसू नये, टिश्यू पेपरने टिपावा.

कुणाला विशिष्ट अडचण असेल तर जरूर विचारा.

ओंकार_ठाणे

उत्तम लेख. मी हॉटेलच्या स्वागतकक्षात काम करतो. दोन्ही गालांवर मुरमांनी पडलेले खड्डे आहेत. कन्सीलर लावून पाहिला, पण वरच्या दिव्यांमुळे खड्डे पूर्वीपेक्षा जास्त दिसू लागले. पुरुषांनी हे करावे की नाही, याबद्दल मला संकोच नाही. फक्त ते लावल्याचे लक्षात येऊ नये एवढीच अपेक्षा आहे.

रंगरेषा

ओंकार, तुमचे निरीक्षण अचूक आहे. रंगभूषा रंग बदलू शकते, पृष्ठभाग बदलू शकत नाही. वरून किंवा बाजूने प्रकाश पडला की खड्ड्याच्या कडेची सावली पडते आणि ती कोणत्याही शेडने झाकत नाही. सिलिकोन असलेला प्रायमर (रंगभूषेआधी लावायचा गुळगुळीत थर) फक्त खड्ड्यांच्या भागात बोटाने दाबून भरला तर पृष्ठभाग काहीसा सपाट दिसतो. त्यावर चमक नसलेला, अगदी विरळ रंग पुरतो. चमकदार उत्पादने खड्ड्यांवर कटाक्षाने टाळा, आणि दाढी केल्यावर लगेच काही लावू नका, त्वचा शांत होऊ द्या. डब्यावर 'नॉन-कोमेडोजेनिक', म्हणजे रंध्रे न बुजवणारे, असे लिहिलेले उत्पादनच घ्या. पिकलेली किंवा फुटलेली पुटकुळी मात्र झाकू नये. खोल खड्ड्यांसाठी मायक्रोनीडलिंग (बारीक सुयांनी त्वचा टोचणे) किंवा लेझरसारखे उपचार असतात. त्यांबाबत त्वचारोगतज्ज्ञच योग्य ते सांगतील.

वसुधा_बार्शी

रंगरेषाताई, माझ्या मुलीचे लग्न ठरले आहे. तिच्या दोन्ही हातांच्या बोटांवर आणि कपाळावर, नेमके कुंकवाच्या जागी, कोड आहे. कपाळावरचा डाग टिकली लावायच्या जागेपासूनच सुरू झाला. मुलाकडच्यांना आम्ही पहिल्याच भेटीत सांगितले आहे आणि त्यांनी ते समजून घेतले. तरीही लग्नाच्या दिवशी, फोटोत आणि चारचौघांत, तिला ते दिसायला नको आहे. हळद, मेंदी, मुंडावळ्या या सगळ्यांत हे कसे जमवायचे?

त्वचावैद्य_नाशिक

वसुधाताई, रंगभूषेबद्दल धागाकर्ती सांगतीलच. मी त्वचारोगतज्ज्ञ आहे, म्हणून वैद्यकीय बाजू मांडतो.

टिकलीच्या जागी कोड येणे हा योगायोग नसू शकतो. चिकटणाऱ्या टिकल्यांच्या डिंकात पॅरा-टर्शरी ब्युटिल फिनॉल नावाचे रसायन असू शकते आणि ते काही व्यक्तींच्या त्वचेतील रंगपेशींना मारक ठरते. रबरी चपलांच्या पट्ट्यांखाली आणि केसांच्या काही कलपांमुळेही असे पांढरे डाग आलेले आम्ही पाहतो. मुलीने चिकट टिकली पूर्णपणे बंद करावी. कारण वेळीच दूर केले तर काही रुग्णांत रंग परत येतो.

दुसरे असे की कोड असलेल्या व्यक्तीच्या त्वचेवर घर्षण किंवा इजा झाली तर नव्या जागी डाग येण्याची शक्यता असते. याला आम्ही कोबनर परिणाम म्हणतो. त्यामुळे रंगभूषा काढताना खरखरीत स्पंजाने किंवा उटण्याने घासणे हे झाकण्यापेक्षा जास्त नुकसानकारक ठरते. काहीजण डागावर त्वचेच्या रंगाचे गोंदण करून घेतात. कोड स्थिर नसताना सुईची ही इजा धोक्याची असते, म्हणून आपल्या डॉक्टरांना विचारल्याखेरीज ते करू नये.

मुलीचे फोटोथेरपीचे, म्हणजे अतिनील किरणांचे, उपचार चालू असतील तर उपचाराच्या वेळी त्या भागावर कॅमफ्लाज क्रीम किंवा सनस्क्रीनचा थर असू नये, कारण तो किरणांना अडवतो. एरवी, उन्हात जाताना, पांढऱ्या डागांना संरक्षण हवेच. त्यांत त्वचेला रंग देणारे मेलॅनिन नसल्यामुळे ते लवकर भाजतात.

आता या धाग्यात सुरुवातीलाच आलेल्या 'घालवण्याच्या' मलमांविषयी. वांगासाठी किंवा मुरमांच्या डागांसाठी दुकानदाराने सुचवलेली अनेक मलमे स्टिरॉइड, हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन यांचे मिश्रण असतात. पहिल्या काही आठवड्यांत चेहरा झपाट्याने उजळतो आणि लोक खूश होतात. पुढे त्वचा पातळ होते, रक्तवाहिन्या दिसू लागतात, पुटकुळ्या येतात, केस वाढतात, आणि मलम बंद केले की चेहरा लाल होऊन जळजळतो, म्हणून माणूस पुन्हा तेच मलम लावतो. स्टिरॉइडने बिघडलेला चेहरा हा आता आमच्या शास्त्रात एक स्वतंत्र आजार मानला जातो. २०१८ साली केंद्र सरकारने अशी अनेक मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येणार नाहीत असे ठरवले, तरी ती आजही सहज मिळतात.

यापेक्षाही भयंकर गोष्ट पाऱ्याची आहे. आपल्या २०२० च्या प्रसाधन नियमांनुसार डोळ्यांभोवतीच्या प्रसाधनांत पारा दहा लाख भागांत ७० भागांपेक्षा जास्त असू नये आणि इतर प्रसाधनांत तो अनवधानाने आला तरी १ भागाच्या वर जाऊ नये. प्रत्यक्षात गोरेपणाच्या काही क्रीममध्ये तो हजारो पटींनी सापडला आहे. काही वर्षांपूर्वी अकोल्यातील एकाच कुटुंबातील तिघांच्या मूत्रपिंडांना इजा झाली आणि मुंबईच्या केईएम रुग्णालयात तपासणी होऊन तिचे मूळ चेहऱ्याच्या क्रीमपर्यंत पोहोचले. केरळमधूनही असे रुग्ण नोंदवले गेले आहेत. मोठ्या नावाचा भरवसा धरावा, तर २०१३ साली जपानमध्ये कानेबो कंपनीला रोडोडेंड्रॉल हा घटक असलेली उजळवणारी उत्पादने बाजारातून परत घ्यावी लागली, कारण ती वापरणाऱ्या हजारो स्त्रियांच्या चेहऱ्यावर व हातांवर पांढरे डाग पडले होते.

म्हणून रुग्णाने मला विचारले की डॉक्टर, तोपर्यंत झाकू का, तर मी निःशंकपणे हो म्हणतो.

अपर्णा_नागपूर

मी वेगळे मत मांडते आहे, ते कुणाला दुखावण्यासाठी नाही. मला अकराव्या वर्षापासून कोड आहे आणि मी शाळेत शिकवते. कॉलेज संपेपर्यंत मी रोज झाकत असे. रोजचा पाऊण तास, पावसाळ्यातली धास्ती, कुणी गालाला हात लावेल याची भीती, हे सगळे मी सोसले आणि एका टप्प्यावर थांबवले. आज माझ्या वर्गातील मुले पहिल्या आठवड्यात विचारतात, मी त्यांना सांगते की हे संसर्गजन्य नाही, हा कुष्ठरोग नाही, माझ्याच शरीराच्या प्रतिकारशक्तीने रंगपेशींवर केलेला हा हल्ला आहे, आणि मग विषय संपतो. झाकण्याच्या कृती जितक्या सुबक होत जातील तितका न झाकणाऱ्यांवरचा दबाव वाढेल, ही माझी खरी काळजी आहे. पुण्यात डॉ. माया तुळपुळे यांनी सुरू केलेली श्वेता असोसिएशन कोड असलेल्या माणसांना एकत्र आणते. अशा गटात एकदा बसल्यावर जो मोकळेपणा मिळतो तो कोणत्याही क्रीमच्या डबीत मिळत नाही.

मँचेस्टरची_मृदुला

अपर्णाताई, तुमची काळजी मला पटते, पण इथला अनुभव सांगावासा वाटतो. ब्रिटनमध्ये रेड क्रॉस या संस्थेने १९७५ साली त्वचा-कॅमफ्लाजची सेवा सुरू केली आणि २०११ साली ती 'चेंजिंग फेसेस' या संस्थेकडे सोपवली गेली. प्रशिक्षित व्यक्ती तुमच्यासमोर बसून शेड जुळवते आणि स्वतःच्या हाताने लावायला शिकवते. ठरावीक कॅमफ्लाज क्रीम इथल्या सरकारी आरोग्यसेवेत डॉक्टरांच्या चिठ्ठीवरही मिळू शकतात. महत्त्वाचे हे की हीच संस्था चेहऱ्यावरील वेगळेपणामुळे होणाऱ्या भेदभावाविरुद्धही जाहीरपणे काम करते. तिथे एकाच माणसाला झाकण्याचे कौशल्य आणि न झाकता वावरण्याचे बळ अशा दोन्ही गोष्टी दिल्या जातात आणि त्यांत कुणाला विसंगती वाटत नाही. माझ्या शेजारची मुलगी मुलाखतीला जाताना झाकते आणि पोहायला जाताना झाकत नाही. आपल्याकडच्या सरकारी रुग्णालयांच्या त्वचारोग विभागांत आठवड्यातून एक दिवस जरी असे शिकवणारे कुणी बसले, तरी किती मुली त्या घातक मलमांपासून वाचतील.

रंगरेषा

अपर्णाताई, तुमचे लिखाण मी दोनदा वाचले. ज्या मुलीला झाकायचे नाही तिला मी कधीही आग्रह करत नाही, आणि आई आग्रह करत असेल तर आईला बाहेर बसवून मुलीला एकटीला विचारते. मागे एका मुलीने मला फक्त डोळ्यांची आणि ओठांची रंगभूषा करायला सांगितली आणि गालावरचे कोड तसेच ठेवले. तिचे ते रूप माझ्या हातून झालेल्या उत्तम कामांपैकी एक आहे असे मी मानते. झाकायचे की नाही हा निर्णय ज्याची त्वचा त्याचा, आणि तो एकदाच घ्यायचा असतो असेही नाही. मृदुलाताईंनी लिहिलेले उदाहरण मला म्हणूनच फार मोलाचे वाटते. ज्यांना झाकायचे आहे त्यांना ते धोका न पत्करता आणि लाज न बाळगता करता यावे, एवढ्यासाठी हा धागा आहे.

वसुधाताई, आता तुमचा प्रश्न. बोटे सतत धुतली जातात, त्यामुळे तिथे क्रीम फार टिकत नाही. लग्नापुरती मेंदी हाच बोटांसाठी सर्वांत चांगला उपाय आहे. मेंदीचा रंग त्वचेच्या वरच्या थरातील केरॅटिनला चढतो आणि त्याला मेलॅनिनची गरज नसते, म्हणून तो कोडाच्या जागीही बसतो. बोटे भरून येतील अशी नक्षी काढायला सांगा. मेंदी मात्र साधी, हिरव्या पानांचीच हवी. 'काळी मेंदी' म्हणून जे मिळते त्यात केसांच्या कलपातील पीपीडी हे रसायन असते आणि त्याने फोड येण्यापासून नवे पांढरे डाग पडण्यापर्यंत काहीही होऊ शकते.

मेंदी उतरल्यानंतरच्या दिवसांसाठी डायहायड्रॉक्सीअ‍ॅसिटोन असलेले, त्वचेला तात्पुरता तपकिरी रंग देणारे लोशन वापरता येते. ते त्वचेच्या मृत थरातील अमिनो आम्लांशी संयोग पावून रंग धरते आणि साधारण तीन ते सात दिवस टिकते, हातांवर त्याहून कमी. पेरांच्या सुरकुत्यांत ते गडद बसते, म्हणून तिथे अगदी कमी लावावे आणि लावून झाल्यावर तळहात लगेच धुवावेत. या रंगाने उन्हापासून संरक्षण मिळत नाही, हेही तिला सांगून ठेवा.

हळदीच्या दिवशी झाकण्याचा खटाटोप करू नका. कोडाच्या जागी हळदीचा पिवळा रंग जास्त उठून दिसतो, म्हणून त्या भागांवर आधी तेलाचा हात फिरवून ठेवा आणि नंतर मऊ कापडाने अलगद टिपून घ्या. डॉक्टरसाहेबांनी सांगितल्याप्रमाणे घासू नका.

कपाळासाठी: आधी कॅमफ्लाजचा पातळ थर आणि पावडर, त्यावर दहा मिनिटांनी कुंकू. चिकट टिकलीऐवजी पूर्वीच्या बायका लावत तसे थोडे मेण लावून त्यावर कुंकू ठेवा. बाजारातील लाल कुंकवातील काही रंगांनीही त्वचेला त्रास होतो, तेव्हा निवडलेले कुंकू आणि कॅमफ्लाज क्रीम दोन्ही आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस थांबून पाहा. मुंडावळ्यांचा दोरा कपाळावर घासतो, म्हणून तो केसांच्या रेषेवर बांधायला सांगा.

नीलाक्षी

वांगाच्या डागांबद्दल एक प्रश्न आहे. बाळंतपणानंतर गालांवर आले आहेत. मी घरातच असते, तरी गडद होत आहेत. नुसते झाकणे पुरेसे आहे का?

त्वचावैद्य_नाशिक

नीलाक्षीताई, वांगाचे डाग अतिनील किरणांनी वाढतात तसेच डोळ्यांना दिसणाऱ्या उजेडानेही वाढतात, आणि हा उजेड खिडकीतून घरात येतोच. साधे पांढरे सनस्क्रीन तो फारसा अडवत नाही. त्वचेच्या रंगाचे, म्हणजे टिंटेड, सनस्क्रीन घ्या. त्यातील आयर्न ऑक्साइड ही रंगद्रव्ये तो अडवतात. फाउंडेशन व कन्सीलरमध्येही हीच रंगद्रव्ये असतात, त्यामुळे वांगाच्या बाबतीत झाकणे हा काही प्रमाणात उपचाराचाच भाग होतो. नेहमीचे सनस्क्रीन मात्र त्याखाली हवेच, आणि ते दर दोन-तीन तासांनी पुन्हा लावावे. तुम्ही गर्भनिरोधक गोळ्या घेत असाल तर ते तुमच्या डॉक्टरांना सांगा, कारण त्यांनीही वांगाचे डाग वाढू शकतात. दुकानातून कोणतेही मलम परस्पर आणू नका.

वसुधा_बार्शी

आपणा सर्वांची ऋणी आहे. मुलीला सगळे वाचून दाखवले. टिकली कालपासून बंद केली आहे आणि मेणाची डबी सासूबाईंच्या जुन्या पेटीत सापडली, पण ती न वापरता नवीन आणणार आहे. एकच विचारते: रंगभूषेची चाचणी लग्नाआधी किती दिवस करावी, आणि रात्री ती कशी काढावी?

रंगरेषा

नवीन मेण आणणे योग्यच. चाचणी साधारण महिनाभर आधी करा, म्हणजे शेड जुळली नाही किंवा त्वचेला काही मानवले नाही तर बदलायला वेळ राहतो. चाचणीनंतर तिला निदान पाच-सहा तास तसेच वावरू द्या, आणि उन्हात, मांडवातल्या पिवळ्या दिव्यात व फ्लॅश टाकून असे तिन्ही प्रकारचे फोटो काढा. काही अतिसूक्ष्म सिलिकाच्या पावडरी डोळ्यांना दिसत नाहीत, पण फ्लॅशमध्ये चेहऱ्यावर पांढरे पट्टे उमटवतात. तसे झाले तर रंगभूषाकाराला पावडर बदलायला सांगा. लग्नाआधीच्या दोन-तीन आठवड्यांत ब्लीच, फेशियल, व्हॅक्सिंग यांपैकी काहीही कोडाच्या आसपास करू नका.

काढताना नुसत्या पाण्याने हे क्रीम निघत नाही. तेलाचा अंश असलेले क्लेन्झर किंवा शुद्ध खनिज तेल कापसावर घेऊन तो कापूस डागावर अर्धा मिनिट नुसता धरून ठेवा, रंग सुटा होतो. मग एकाच दिशेने हलके पुसा, सौम्य फेसवॉशने धुवा आणि मॉइश्चरायझर लावा. तिच्या फोटोथेरपीच्या तारखा लग्नाच्या आठवड्यात येत असतील तर त्यांचे काय करायचे ते मात्र तिच्या डॉक्टरांनाच आधी विचारून घ्या.